एक शिट्टी, तीन चोर: घरी जोडलेल्या पीसीतला आवाज कसा पकडला

(हा एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना जसं आलं तसंच ठेवलंय, फक्त मधले "अं" आणि "म्हणजे" कमी केलेत. जिथे आवाज ऐकवलाय तिथे चौकोनी कंसात लिहिलंय.)

आज आधी एक आवाज ऐका. इअरफोन असतील तर व्हॉल्यूम थोडा कमी करा.

[इथे सहा सेकंद आवाज ऐकवला आहे: बारीक, एकसुरी "ईईई"]

आला ऐकू? काहींना आला असेल, काहींना वाटेल की मी सहा सेकंद गप्प बसलो. दोघंही बरोबर आहात. का, ते पुढे येईल.

झालं असं, की मागच्या दोन एपिसोडनंतर काही जणांचे मेसेज आले, "दादा, मागे शिट्टी वाजतेय." मी परत ऐकलं. खरंच वाजत होती. आणि त्याच महिन्यात मी नवीन पीसी जोडला होता. आता माजलगावात बसून पीसी जोडायचा म्हणजे काय, ते आपल्याकडच्या पोरांना सांगायला नको. कॅबिनेट एकीकडून, ग्राफिक्स कार्ड पुण्याच्या दुकानातून कुरिअरनं, रॅम एका मित्राकडून सेकंडहँड. एकूण बासष्ट हजार रुपये. त्यातले वीस हजार अण्णांनी कापसाच्या पैशातून काढून दिले होते. देताना एकच वाक्य बोलले, "चालला पाहिजे."

आणि तो शिट्टी वाजवत होता. कार्ड परत करायला हातात सात दिवस होते. त्यामुळे हा नुसता कानाला त्रास नव्हता, पैशाचा प्रश्न होता. सात दिवसांत चोर सापडला नाही, तर वीस हजारांचा हिशोब अण्णांना काय द्यायचा?

पहिला प्रश्न: आवाज आहे का, की माझ्याच कानात आहे?

हसू नका, हा प्रश्न खरा आहे. कानात आपोआप गुंई किंवा शिट्टी ऐकू येणं ही खूप लोकांना असणारी तक्रार आहे. डीजेसमोर तासभर नाचून आलं की रात्री उशीवर जो सूं आवाज येतो, तोच प्रकार. म्हणून आधी खोलीबाहेर गेलो, गच्चीवर जाऊन दोन मिनिटं बसलो. आवाज गेला. परत खोलीत आलो, आवाज आला. म्हणजे तो माझ्या डोक्यात नव्हता, खोलीत होता.

मग आईला बोलावलं. आई म्हणाली, "कशाचा आवाज? मला तर काहीच ऐकू येईना." अण्णा म्हणाले, "नवीन वस्तू घेतली की तुला रोग दिसायलाच लागतो." धाकटी बहीण दहावीत आहे. ती दारातूनच ओरडली, "दादा, ते काय वाजायलंय रे? डोकं दुखायलंय."

इथेच मला पहिला धागा मिळाला. माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकतो, असं आपण शाळेत शिकलो. पण ते २०,००० लहान पोरांसाठी. वय वाढतं तशी ही कमान वरच्या बाजूनं झिजत येते. कानाच्या आत शंखासारखा एक भाग असतो, त्यात बारीक केसांच्या पेशी असतात. उंच आवाज ओळखणाऱ्या पेशी त्याच्या अगदी दारात बसलेल्या असतात, आणि त्याच आधी थकतात. गेल्या की परत उगवत नाहीत.

आपल्या आधीच्या पिढीला याचा एक मस्त अनुभव आहे. जुना डबा टीव्ही आठवतो? आवाज पूर्ण बंद केला तरी शेजारच्या खोलीतल्या पोराला कळायचं की टीव्ही चालू आहे. कारण त्या टीव्हीत ६२५ आडव्या रेघा सेकंदाला २५ वेळा काढल्या जायच्या. गुणाकार करा: १५,६२५. त्या टीव्हीतला एक ट्रान्सफॉर्मर बरोबर १५,६२५ हर्ट्झवर शिट्टी मारायचा. पोरांना ऐकू यायची, आजोबांना नाही. पोरं खोटं बोलत नव्हती आणि आजोबाही नाही.

म्हणजे निष्कर्ष काय? बहिणीला येतो, मला येतो, आई-अण्णांना येत नाही. आवाज बहुतेक १२-१३ हजार हर्ट्झच्या वरचा असणार.

मोबाईल हाच डॉक्टर

आता कानावर किती विसंबायचं? मोबाईलवर स्पेक्ट्रम दाखवणारे फुकट अॅप मिळतात. मी स्पेक्ट्रॉइड नावाचं वापरलं. ते माइकमधून येणारा आवाज घेतं आणि त्यात कुठल्या उंचीचा सूर किती जोरात आहे, ते आलेखात दाखवतं. सगळ्या खोलीचा गोंगाट म्हणजे खाली पसरलेलं गवत, आणि एखादी शिट्टी म्हणजे त्यातून वर आलेला एकच ताट.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, मोबाईल सेकंदाला साधारण ४४,१०० किंवा ४८,००० वेळा आवाजाचं मोजमाप घेतो. त्याच्या निम्म्यापर्यंतचेच सूर तो पकडू शकतो, म्हणजे २२-२४ हजार. आपल्या कानाला ते पुरेसं आहे. दोन, शिट्टी व्हॉइस नोटमध्ये पाठवून मित्राला विचारू नका. व्हॉइस नोटमध्ये फाईल छोटी करायला वरचे सूर बरेचदा कापले जातात. मी पाठवली, मित्र म्हणाला, "काहीच नाही रे." मी अर्धा दिवस त्याच्याशी भांडलो.

अॅप उघडून मोबाईल कॅबिनेटजवळ धरला. आणि पाहतो तर एक नाही, दोन ताटं! एक १४ हजारांच्या थोडं वर, जागचं हलत नव्हतं. दुसरं खाली, तीन-साडेतीन हजारांच्या आसपास, आणि ते नाचत होतं. कधी यायचं, कधी गायब.

तोपर्यंत मी "तो आवाज" म्हणत होतो. आता कळलं, "ते आवाज" म्हणायला पाहिजे.

पहिला चोर: तो पीसीत नव्हताच

माझी चूक कबूल करतो. मला पक्की खात्री होती की वरची शिट्टी पीसीचीच आहे, कारण पीसी बंद केला की शिट्टी बंद व्हायची. दहा वेळा करून बघितलं होतं. पण मी पीसी बंद कसा करत होतो? शट डाऊन, आणि लगेच एक्स्टेंशन बोर्डचं बटण बंद. आणि बोर्डवर काय काय होतं? पीसी, मॉनिटर, टेबल लॅम्प आणि मोबाईलचा चार्जर.

एका संध्याकाळी बोर्ड चालू राहिला, पीसी बंद. शिट्टी चालूच! मग एकेक प्लग काढत गेलो. लॅम्प काढला, आहे. मॉनिटर काढला, आहे. चार्जर काढला आणि सगळं शांत. अॅपमधलं ताट पण खाली बसलं.

मोबाईल लावलेलाच नव्हता, नुसता चार्जर सॉकेटमध्ये. मग तो का ओरडेल? बघा, आजकालचा चार्जर वीज सलग देत नाही. तो आतल्या आत सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो, साधारणपणे आपल्या कानाच्या पट्टीच्या वर. पण मोबाईल लावलेला नसेल तर त्याला काम नसतं. मग तो वीज वाचवायला अधूनमधून झटके देतो: थोडा चालला, थांबला, थोडा चालला, थांबला. ही झटक्यांची लय खाली उतरून कानाच्या पट्टीत येते. आतला छोटा ट्रान्सफॉर्मर त्या लयीत थरथरतो आणि आपल्याला शिट्टी ऐकू येते. नव्वद रुपयांचा चार्जर होता, नीट चिकटवलेला नसणार. आणि तो माझ्या माइकपासून वीतभर अंतरावर होता. रेकॉर्डिंगमध्ये आलेली शिट्टी हीच. सुरुवातीला ऐकवली तीही हीच.

धडा काय? "हे बंद केलं की ते बंद होतं" एवढ्यानं गुन्हा सिद्ध होत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला. सोबत दुसरं काही बंद होत नाही ना, ते बघा.

दुसरा चोर: नाचणारा आवाज

चार्जर गेला, एपिसोड स्वच्छ झाला. पण ते खालचं, साडेतीन हजारवालं ताट राहिलंच होतं. हा आवाज "ईईई" नाही, "चिर्रर्र" असा. रातकिड्यासारखा.

[इथे आवाज ऐकवला आहे]

दिवस तिसरा. आधी संशय घेतला पंख्यांवर, कारण पंखा दिसतो आणि फिरतो. पीसी बंद करून, प्लग काढून कॅबिनेटच्या पंख्यांच्या पिना एकेक सोडवल्या, दर वेळी चालू करून ऐकलं. फरक नाही. (प्रोसेसरवरचा पंखा मात्र सोडवून चालवू नका. आणि फिरत्या पंख्यात बोट, पेन, काहीही घालू नका.) पंख्याचा आवाज शिवाय फिरण्याच्या वेगाबरोबर हळूहळू चढतो-उतरतो. हा तर क्षणात येत होता, क्षणात जात होता. जुनी हार्ड डिस्क होती, ती पण सोडवली. ती पण निर्दोष.

मग कालनिर्णय काढलं भिंतीवरून. तारीख बघायला नाही, गुंडाळून नळी करायला. एक टोक कानाला, दुसरं टोक कॅबिनेटच्या उघड्या बाजूला, आतल्या कुठल्याही भागाला न चिकटवता. डॉक्टरांच्या पहिल्या स्टेथोस्कोपमागची कल्पना अशीच, गुंडाळलेल्या कागदाच्या नळीची होती. नळी पॉवर सप्लायकडे नेली, आवाज कमी. मदरबोर्डकडे, कमी. ग्राफिक्स कार्डकडे नेली आणि कानात रातकिडाच बसला.

आता पुरावा पाहिजे. लक्षात आलं की आवाज सगळ्यात जास्त येतो तो एका जुन्या गेमच्या मेन्यूत. गेम खेळताना कमी, नुसता मेन्यू उघडून बसलं की जास्त! उलटं वाटतं ना? मी स्क्रीनवर फ्रेमचा आकडा लावला. मेन्यूमध्ये दाखवायला काहीच नसतं, त्यामुळे कार्ड वेड्यासारखं सेकंदाला साडेतीन हजार चित्रं काढत होतं. आणि मोबाईलमध्ये ताट कुठे? साडेतीन हजार हर्ट्झवर!

मी फ्रेमची मर्यादा १,५०० केली, ताट १,५०० वर येऊन बसलं. ६० केली, चिर्रर्र गायब. परत मर्यादा काढली, रातकिडा परत. चोराच्या पावलाचा ठसा बुटाशी जुळला म्हणतात ना, तसं झालं.

पण बिनहलत्या वस्तूतून आवाज येतो कसा?

याला कॉइल व्हाइन म्हणतात. गुंडाळीची कुरकुर म्हणा. समजून घ्यायला आपल्याच जिल्ह्यात चला, परळीला. परळीच्या औष्णिक वीज केंद्राजवळून किंवा कुठल्याही सबस्टेशनजवळून गेलात, तर ट्रान्सफॉर्मरचा "हम्म्म" ऐकू येतो. त्यात फिरणारं काही नाही. मग?

आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० वेळा पूर्ण उलटसुलट होते. तिच्याबरोबर ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडातलं चुंबकत्व पण बदलतं. चुंबकत्व चढलं की ते लोखंड अगदी किंचित, डोळ्याला न दिसण्याइतकं, आपली लांबी बदलतं. उत्तर-दक्षिण कुठल्याही दिशेनं चढलं तरी सारखंच. म्हणून एका फेऱ्यात दोनदा, सेकंदाला १०० वेळा. ट्रान्सफॉर्मरचा सूर म्हणूनच १०० हर्ट्झचा.

ग्राफिक्स कार्डवर अशाच, पण नखाएवढ्या गुंडाळ्या असतात. पॉवर सप्लायकडून येणारे १२ व्होल्ट उतरवून चिपला साधारण १ व्होल्ट द्यायचं काम तिथे चालतं. व्होल्ट कमी, पण करंट प्रचंड, शंभर अॅम्पियरच्या घरात सहज जातो. हे उतरवण्याचं काम सेकंदाला काही लाख वेळा चालू-बंद होऊन होतं. ते आपल्याला ऐकू येत नाही, कुत्र्याला पण नाही. पण चिप प्रत्येक चित्र काढताना करंट ओढते, चित्र झालं की क्षणभर सोडते. सेकंदाला साडेतीन हजार चित्रं म्हणजे साडेतीन हजार ओढी. त्या ओढीबरोबर गुंडाळीची तार आणि गाभा थरथरतो. हा थरथराट मात्र बरोबर आपल्या कानाच्या पट्टीत येतो.

अजून एक साथीदार असतो: सिरॅमिक कपॅसिटर. तांदळाच्या कणीएवढे. घरातला गॅसचा लायटर माहीत आहे? खटका दाबला की आतला स्फटिक दाबला जातो आणि वीज तयार होऊन ठिणगी पडते. हे कपॅसिटर त्याच्या उलटं करतात: वीज बदलली की स्वतः किंचित आकुंचन-प्रसरण पावतात. ते बोर्डाला झाळलेले असतात. बोर्ड म्हणजे मग हलगीचं कातडं, आणि कपॅसिटर म्हणजे टिपऱ्या. एवढीशी वस्तू, पण बोर्ड वाजतो.

मग हे धोक्याचं आहे का? सहसा नाही. कॉइल व्हाइनमुळे कार्ड जळत नाही, वेग कमी होत नाही. म्हणूनच दुकानदाराला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "चालतंय ना? मग फॉल्ट नाही." राग आला. पण रागात निर्णय घ्यायचा नाही म्हणून एक चाचणी केली. मित्राच्या पीसीचा पॉवर सप्लाय एका दिवसासाठी मागून आणला. तो लावून चिर्रर्र तसाच राहिला, म्हणजे दोष कार्डाच्याच गुंडाळ्यांचा. कधीकधी पॉवर सप्लाय बदलला की आवाज पडतो, म्हणून ही चाचणी परत पाठवण्याआधी जरूर करा.

उपाय मी असे केले:

१. सगळ्या गेमना फ्रेमची मर्यादा लावली. माझा मॉनिटर ७५ हर्ट्झचा आहे, त्याहून जास्त चित्रं काढून दाखवायची कुणाला? वीज पण वाचते.

२. कार्डचं व्होल्टेज सॉफ्टवेअरमधून थोडं कमी केलं. करंट कमी, थरथराट कमी, उन्हाळ्यात खोली पण कमी तापते.

३. कॅबिनेट टेबलावरून खाली, माइकपासून लांब ठेवलं.

गुंडाळीवर गोंद, वॉर्निश लावायचे व्हिडिओ तुम्हाला दिसतील. मी नाही लावलं. वॉरंटी जाते, आणि गोंद भलतीकडे ओघळला की कार्ड पण जातं. शेवटी सातव्या दिवशी ठरवलं, कार्ड परत करायचं नाही. बदलून येणारं शांतच असेल याची काय खात्री?

तिसरा चोर: लाईट गेल्यावर येणारा

सातव्या दिवसाची मुदत संपली, आणि आठव्या दिवशी रात्री लाईट गेली. इन्व्हर्टर लागला. पीसी बंद पडला नाही, पण आतून "घर्रर्र" असा जाड आवाज सुरू झाला, वर बारीक चीं. मी कपाळाला हात लावला. परत करायची मुदत तर गेली!

मग वर बघितलं. छताचा पंखा पण गुरगुरत होता. हे तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय: इन्व्हर्टरवर पंखा गुरगुरतो. आपल्याला इतकी सवय झालीय की प्रश्नच पडत नाही. कारण असं, की लाईनची वीज लाटेसारखी, गोलाईनं चढते-उतरते. आमचा इन्व्हर्टर जुना, स्क्वेअर वेव्ह. त्याची वीज जिन्याच्या पायरीसारखी: एकदम वर, एकदम खाली. या प्रत्येक धक्क्याला पंख्याची गुंडाळी हादरते. आणि पीसीच्या पॉवर सप्लायची रचना गोल लाटेसाठी असते. पायरी समोर आली की त्याच्या आतल्या गुंडाळ्यांना झटके बसतात, त्या घरघरतात.

या वेळी मात्र मी नुसतं "आवाजच तर आहे" म्हटलं नाही. कारण ही वीज पॉवर सप्लायला मानवणारी नाही. आता नियम: लाईट गेली की काम सेव्ह, पीसी बंद. पुढच्या वेळी साईन वेव्ह इन्व्हर्टर घ्यायचा. दुकानात विचारताना हे दोन शब्द नक्की विचारा.

आणि कान उघडून ठेवा म्हणून एक गोष्ट. आवाज फक्त हेडफोनमध्ये येत असेल, आणि हेडफोन काढल्यावर खोली शांत असेल, तर वरचं काहीच लागू नाही. तो विजेचा कचरा ऑडिओच्या तारेत शिरलेला असतो. आधी पुढचं भोक सोडून मागच्या भोकात हेडफोन लावून बघा.

मधेच सापडलेला खरा धोका

शोधाशोध चालू असताना बहीण अनवाणी पायानं कॅबिनेटच्या स्क्रूला हात लावून म्हणाली, "दादा, झिणझिण्या येतात." मी टेस्टर लावला. लागला!

पॉवर सप्लायच्या तोंडाशी एक फिल्टर असतो. त्यातले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून पत्र्याच्या बॉडीला जोडलेले असतात, आणि बॉडी अर्थिंगला. अर्थिंग असेल तर सगळा कचरा जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर बॉडी मधेच लोंबकळते, २३० च्या निम्म्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास. करंट अगदी कमी, म्हणून फक्त झिणझिण्या. पण उद्या आत खरोखर तार सुटून बॉडीला लागली, तर तो करंट जायला अर्थिंगची वाट नाही. मग वाट आपल्या शरीरातून.

वायरमन काकांनी सॉकेट उघडलं. तिसऱ्या भोकाला तारच जोडलेली नव्हती. नुसतं भोक! मीठ-कोळसा घातलेला अर्थिंगचा खड्डा पण कोरडा ठाक. आपल्याकडे उन्हाळ्यात जमीन इतकी वाळते की खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतावं लागतं, हे मला माहीतच नव्हतं. तार जोडली, खड्डा भिजवला, मीटरवर तपासलं. झिणझिण्या गेल्या. शिट्टीला फरक पडला नाही, तिचा अर्थिंगशी संबंध नव्हता. पण शिट्टी शोधली नसती, तर हे कधी कळलं असतं?

दोन गोष्टी हात जोडून सांगतो. सॉकेट स्वतः उघडू नका, वायरमनला बोलवा. आणि पॉवर सप्लायचा डबा कधीच उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये साडेतीनशे-चारशे व्होल्ट बसून असू शकतात.

आणि एक गोष्ट, जिच्यासाठी हा एपिसोड केला

चार्जरची शिट्टी आई-अण्णा दोघांनाही आली नाही. ते वयाचं. पण रातकिड्याचा चिर्रर्र आईला आला होता. स्वयंपाकघरातून म्हणाली होती, "तुझ्या डब्यात किडा शिरला का रे?" अण्णा त्याच खोलीत, कॅबिनेटच्या शेजारी बसलेले. त्यांना काहीच नाही.

तेव्हा मी हसण्यावारी नेलं. रात्री विचार करत बसलो. १४ हजार ऐकू न येणं वेगळं, साडेतीन हजार न येणं वेगळं. आपल्या बोलण्यातले स, श, त, क यांचे बारीक आवाज याच भागात असतात. अण्णा "काय?" म्हणून परत विचारतात, टीव्ही मोठा लावतात, फोनवर चिडतात. आम्ही म्हणायचो, लक्ष नसतं त्यांचं.

अण्णांनी सोळा वर्षं जिनिंगमध्ये काम केलंय. यंत्रांच्या मधोमध उभं राहून. कानात बोळा पण नाही. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम केलं की कान आधी तीन ते सहा हजार हर्ट्झमध्ये जातो, बरेचदा चार हजारांच्या आसपास. कानाच्या तपासणीच्या आलेखात तिथे खड्डा दिसतो. मोबाईलवर सूर वाजवून मी घरी बघितलं, पण ती तपासणी नव्हे. बीडला नेऊन ऑडिओमेट्री केली. आलेखात दोन्ही कानांना खड्डा होता. डॉक्टरांनी सांगितलं, गेलेलं परत येणार नाही, पण मशीननं बोलणं नीट ऐकू येईल.

परत येताना एसटीत अण्णा बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत होते. मग म्हणाले, "मला वाटायचं, तुम्हीच आता हळू बोलायला लागलात." मला काही बोलता आलं नाही.

म्हणून तुम्हाला सांगतोय, इअरफोन लावून ऐकणाऱ्यांना. जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन आहे: ८० डेसिबलपर्यंतचा आवाज आठवड्याला ४० तास. आणि प्रत्येक ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा. ८३ ला २० तास, ८६ ला १०. बऱ्याच मोबाईलमध्ये हा हिशोब दिसतो, सेटिंगमध्ये जाऊन बघा. अण्णांना पर्याय नव्हता. आपल्या हातात व्हॉल्यूमचं बटण आहे.

थोडक्यात

आवाज आला की घाबरू नका, पार्ट परत पाठवायची घाई करू नका. आधी खोलीबाहेर जाऊन कान तपासा. घरातल्या सगळ्या वयाच्या माणसांना ऐकवा. मोबाईलवर ताट बघा: स्थिर आहे का नाचतंय? बोर्डवरचे प्लग एकेक करून काढा. मग पंखे, डिस्क, मग फ्रेमची मर्यादा. लाईट गेल्यावर आवाज बदलतो का, ते बघा. प्रत्येक वेळी काय बदललं आणि काय झालं, वहीत लिहा. माझं दीड पान भरलं.

आता पीसी शांत आहे. अण्णांच्या कानामागे छोटं मशीन आलंय. परवा मी गेम उघडला आणि फ्रेमची मर्यादा लावायची विसरलो. मागून अण्णांचा आवाज आला, "आरं, ते काय चिरचिरायलंय?"

कधी नव्हे ते ती कुरकुर ऐकून बरं वाटलं.

तुमच्या घरात असा कुठला आवाज आहे, ज्याचा चोर सापडत नाही? रेकॉर्ड करून पाठवा. व्हॉइस नोट नको, फाईल पाठवा. आता कारण माहीत आहे! भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत व्हॉल्यूम जरा कमी, आणि चार्जर सॉकेटमधून काढून ठेवा. राम राम!